आमची वाटचाल: शिवनेरी उतरल्यानंतरचं जुन्नर

जुन्नरला येणाऱ्या पाहुण्यांचा बेत ठरलेला असतो. सकाळी शिवनेरी, मग लेण्याद्री, जमलं तर ओझरचा विघ्नहर, आणि जेवायला थेट नारायणगावचा हायवे. गावात चहासुद्धा होत नाही. पाहुण्यांना गाडीतून फिरवायचा आमचा धंदा उभा आहे तो दुपारनंतरच्या त्या उरलेल्या अर्ध्या दिवसावर.

सुरुवात एका जीपची. वडील जुन्नर-घाटघर वडाप करायचे. आत बाजारकरी, शाळेची पोरं, हंगामात हिरड्याची पोती. पावसाळ्यात त्यातच पाठीवर सॅक घेतलेली पुण्या-मुंबईची मंडळी दिसू लागली. वाटेत चावंड किल्ला आला की वडील गाडी हळू करून हात दाखवायचे, जीवधन दिसला की वानरलिंगीचा सुळका. पुढच्या वेळी तीच माणसं सीट न मागता अख्खी गाडी ठरवायला लागली. कॉलेज संपवून मी हाताशी आलो तेव्हा दुसरी गाडी कर्जावर घेतली, आणि वडाप कमी होत गेलं.

नाणेघाट आजही आमची मुख्य फेरी. जकातीचा म्हणून सांगतात त्या दगडी रांजणापाशी सगळे फोटो काढतात आणि उलटा उडणारा धबधबा बघायला पळतात. आमचे ड्रायव्हर आधी गुहेत नेतात. भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे आहेत. समोर राजघराण्याच्या मूर्ती होत्या; आता नुसती पावलं आणि वर कोरलेली काही नावं राहिलीत. ती बघून लहान मुलं जे प्रश्न विचारतात, त्याला मोठ्यांना उत्तरं सापडत नाहीत. जेवण घाटघरच्या घरांतून: बाजरीची भाकरी, पिठलं, आधी कळवलं तर मासवडी. त्याचे पैसे पाहुण्यांनी थेट त्या घरात द्यायचे, आम्ही मध्ये पडत नाही.

गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असले तर लांब जात नाही. पाडळीजवळच्या तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, स्तूपाभोवती 12 खांबांचं कडं. जुन्नरच्या चहूबाजूंना दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत, पण मला विचाराल तर पहिलं हेच बघा. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना पाहता येते, तेव्हा शाळांसाठी गाड्या राखून ठेवतो. 45 मीटर व्यासाच्या त्या 30 तबकड्या शेतांमधून उभ्या आहेत.

एक मागणी मात्र आम्ही घेत नाही: "रात्री बिबट्या दाखवा." माणिकडोहचं बिबट्यांचं निवारा केंद्र म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे, आणि उसातला बिबट्या ही इथल्या घरांची रोजची धास्ती आहे. तिचं तिकीट लावायचं नाही, हे वडिलांनी ठरवलं ते ठरवलं.

2018 मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत शिवनेरी आला. तेव्हापासून फोन वाढले, पण विचारणा तीच, "गडाला किती वेळ लागतो?" सात दरवाजे, शिवाई, शिवजन्मस्थान, बदामी तलाव, कडेलोट, सगळं नीट बघायचं तर अख्खी सकाळ जाते. एवढं सांगून आम्ही लगेच दुपारचं काढतो.

एप्रिल-मे धंद्याला थंडच असतात. तेव्हा गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाला जातात, त्यावरच हप्ते निघतात.

सध्या पूर्वेकडची फेरी बसवतोय. गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल, बोरीला कुकडीकाठचा, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर, आणि सोमवार असला तर बेल्ह्याचा बैलबाजार. राख बघायला कोण पैसे देणार, असं घरात म्हणतात. पण भूगोलाच्या मास्तरांचे फोन येऊ लागलेत. त्या बाजूला जेवणाचं एखादं घर ठरलं की गाडी सोडू.