समुद्रावरून दिसणारा कळस

आमच्या घरात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यामुळे पायी गेल्याशिवाय दर्शन झाल्यासारखं मला वाटतच नाही. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरच्या सेंट कॅथरीन चॅपल या छोट्या प्रार्थनाघरालाही म्हणूनच चालत गेले. फेरीब्रिजहून फ्लीट खाजणाच्या कडेकडेने, चॅपल ज्या गावाजवळ आहे त्या ॲबट्सबरीची वाट धरली.

डावीकडे खाजणाचं पाणी, त्यापलीकडे चेसिलचा 29 किलोमीटर लांब गोट्यांचा बांध. पोर्टलंडच्या टोकाला मुठीएवढे असणारे गोटे पश्चिमेकडे जाता जाता वाटाण्याएवढे होतात. अंधारात किनाऱ्याला लागलेले कोळी गोटा चाचपून ठिकाण ओळखायचे, असं इथे सांगतात.

पाय दुखायला लागले आणि टेकडीवर चॅपल दिसलं. कळस दिसल्यावर वारकऱ्याचे पाय उचलतात, तसेच माझे उचलले.

14व्या शतकाच्या अखेरीस ॲबट्सबरीच्या बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती मठातल्या साधूंनी हे बांधलं. भिंतीच नव्हे, छतही दगडाचं. आतून कमानीचं, वर नक्षीच्या चौकटी कोरलेल्या. एवढं ओझं भिंतींना बाहेर रेटणार, म्हणून त्या सव्वा मीटरच्या आसपास जाड आणि बाहेरून भक्कम दगडी धिरे. एका धिऱ्याला मी पाठ टेकवून उभी राहिले, तरी वारा उभं राहू देईना. या जागी असंच बांधायला हवं होतं.

राजा आठव्या हेन्रीच्या काळात, 1539 साली मठ बंद झाला. त्याचे दगड गावातल्या घरांना लागले. चॅपल मात्र राहिलं. समुद्रावरच्या खलाशांना ही खूण हवी होती म्हणून ते राखलं असावं, असं मानतात. मला हे मनापासून पटतं. वादळात जीव मुठीत धरलेल्या माणसांनी लांबून घेतलेलं कळसदर्शनच ते!

दक्षिणेच्या दाराच्या चौकटीत तीन भोकं आहेत. खालच्या भोकात गुडघा, वरच्या दोहोंत हात ठेवून मुली संत कॅथरीनकडे नवरा मागायच्या. अविवाहित मुलींची ती कैवारी. मी बोटं घातली तर दगड गार होता, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

आत काहीच नाही, नुसत्या भिंती. तिथे बसून एक अभंग म्हटला. छताखाली आवाज इतका घुमला की दुसरा म्हटल्याशिवाय उठवेना. पुढच्या खेपेला टाळ न्यायचे आहेत, आणि सोबतीला गाणाऱ्या दोघी-चौघी.