कोषातली अळी

रविवार, रात्र

आज दादाच्या शेडमधील रेशीमकिड्यांची शंभर अंडीपुंजांची बॅच निघाली. उद्या पहाटे कोष जालन्याच्या बाजारपेठेत न्यायचे असल्याने घरची सारी माणसे सकाळपासून चंद्रिकांवरून, म्हणजे अळ्या ज्यांवर कोष विणतात त्या जाळ्यांवरून, कोष वेचत बसली होती. डागी कोष बाजूला काढता काढता दादाने एक कोष ब्लेडने कापून माझ्या तळहातावर उपडा केला. आतून भुईमुगाच्या दाण्याहून जरा लांबट, तपकिरी, वळ्यावळ्यांची, कोषावस्थेतली (प्युपा) अळी पडली आणि शेपटाकडून हळूच वळवळली. मी हात झटकला. ज्या जिवांना दादा-वहिनींनी रात्री-अपरात्री उठून तुतीचा पाला घातला, त्यांना नुसता हात लावतानाही अंगावर काटा यावा, याचे मला दिवसभर वाईट वाटत राहिले.

तेवढ्यात भाच्याने मोबाइलवर दाखवले, की कोरियात हीच अळी उकडून रस्त्यावर विकतात, डबाबंदही मिळते आणि तिला बोंदेगी म्हणतात. वहिनी 'शी!' म्हणून उठून गेल्या. आई मात्र शांतपणे म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आमी मिलो, ती अमेरिकेची तांबडी जवारी, खाल्ला, तवा बी लोकं नाकं मुरडायची, जनावराचं खाणं हाय म्हनायची. पोटात आग पडली की समदं गोड लागतं, बाई."

आईचे म्हणणे तिच्या अनुभवापुरते खरे आहे, परंतु ते येथे लागू पडत नाही, असे मला वाटते. किडे खाणारी माणसे उपासमारीमुळे खातात, हा आपला मोठा गैरसमज आहे. आसामात एरी रेशमाच्या अळ्या आवडीने खातात. ओडिशातील मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याच गडचिरोलीत माडिया लोक अशी चटणी करतात. तेथे आवड आहे, हंगाम आहे, आजीच्या हातची चव आहे. त्या ताटाला आपण मागास म्हणतो, तेव्हा आपण त्या माणसांचा अपमान करतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ च्या अहवालात सांगितले, की जगातील सुमारे २०० कोटी लोकांच्या आहारात कीटक आहेत आणि गुरांच्या मानाने त्यांना चारा फार थोडा लागतो. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढणाऱ्या आपल्या भागाला हा हिशेब पटायला हवा, आणि मला तो पटतोही; पण पटल्याने घास उचलला जात नाही. जिभेला सवय शेजारच्या ताटावरून लागते. म्हणूनच युरोपात २०२१ साली भुंगेऱ्याच्या पिवळ्या अळीला खाद्य म्हणून परवानगी मिळाल्यावर तिची पूड बिस्किटांत घालण्याची कल्पना पुढे आली, कारण न दिसणारी अळी गिऱ्हाईक सहज स्वीकारते. मला यात धोका दिसतो. ज्यांना कोळंबी बाधते, त्यांना कीटकही बाधू शकतात. शिवाय आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आत कीटक आहे, हे पाकिटावर ठळक मराठीत लिहिलेले असलेच पाहिजे. नकार देण्याचा तिचा हक्क मला आसामातल्या माणसाच्या आवडीइतकाच मोलाचा वाटतो.

संध्याकाळी डागी कोषांतल्या अळ्या वहिनींनी अंगणात टाकल्या आणि कोंबड्यांनी त्या क्षणात फस्त केल्या. प्रत्येक बॅचला त्यांची अशीच मेजवानी असते. रात्री आईने आपली पिठलं-भाकरी घेतली आणि आम्हा बाकीच्यांना वहिनींनी त्याच कोंबड्यांच्या अंड्यांची भुर्जी वाढली. पहिला घास घेताना मला तळहातावरची ती वळवळ आठवली, तरी घास घशात अडला नाही.