आरपीएम चढतो, गाडी ओढत नाही: क्लच की टर्बो?

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवलेली डिझेल गाडी चढाला दम टाकायला लागली, की गॅरेजवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "क्लच गेला." गिअरबॉक्स उतरतो, नवी क्लच प्लेट बसते आणि गाडी तशीच मंद, कारण इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा) फाटलेला पाइप कोणी पाहिलेलाच नसतो. उलटही होतं. पाइप बदलला, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) पूर्ण आला आणि इतके दिवस कमी ताकदीवर कशीबशी तग धरलेली प्लेट आता घसरायला लागली. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजा.

त्यासाठी ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) पुरतो. मात्र स्क्रीनवर चारच आकडे ठेवा: आरपीएम, वेग, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) आणि ॲक्सिलेटर. स्वस्त स्कॅनर संथ असतो. दहा आकडे मागितले तर नेमका घसरण्याचा क्षण निसटतो.

आधी सपाट, रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये हलक्या पायाने चालवा. समजा 2000 आरपीएमला 60 चा वेग दिसला, म्हणजे हजाराला 30. टायर मोठे टाकले असले तरी फरक पडत नाही, कारण हे माप त्याच गाडीचं आहे. आता 1500 वरून पूर्ण ॲक्सिलेटर द्या. 3000 ला 90 दिसायलाच हवेत. 72 च दिसले तर वीस टक्के घसरण आहे. हिशेब संपला. हजाराला 30 कायम राहिले पण काटाच संथ चढला, मागे काळा धूर सुटला, तर क्लचला हात लावू नका, हवा कुठून सुटते ते शोधा. क्लच घसरला तरी इंजिनचा दिवा लागत नाही. बूस्ट कमी पडला तर बहुतेक वेळा पी0299 हा कोड सापडतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही चाचणी करू नका. तिथे गाडी लगेच पळते, बूस्ट पूर्ण भरत नाही, आणि चाक फिरलं तरी घसरल्यासारखंच दिसतं.

मॅप सेन्सरचा आकडा वाचताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. हा सेन्सर बाहेरच्या हवेचा दाबही मोजतो. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली तर तिथे साधारण 95 किलोपास्कल दिसतात. म्हणजे मॅप 215 असेल तर बूस्ट 1.2 बार. कुणी 2.15 म्हणतो, कुणी शंभर वजा करून 1.15, आणि त्यावरून टर्बो चांगला की वाईट हे ठरवतो.

हवा गळते का हे बघायला टर्बोच्या तोंडात बसेल असं पीव्हीसीचं एंडकॅप घ्या, 11.5 मिमीचं भोक पाडून त्यात ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवा आणि क्लिपने आवळा. कॅप टर्बोच्या तोंडालाच लावा. अलीकडच्या, एअर फिल्टरकडच्या पाइपाला लावलं तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) दाब इंजिनच्या पोटात जातो आणि ऑइल सील उडतात. गाडी न्यूट्रलला, चाकांना दगड, बेल्टजवळ हात नको. दाबाने इंजिन थोडं फिरू शकतं. हवा 15 पीएसआयच्या वर नेऊ नका. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर थेट जोडू नका, मध्ये रेग्युलेटर हवाच. मग साबणाचं पाणी शिंपडा. पिस्टनच्या रिंगांतून थोडी हवा सुटणारच, ती सोडून द्या. बुडबुडे बघायचे ते पाइपांच्या खालच्या बाजूला, इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर, आणि ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी वाट) पत्रा लावून बंद केला असेल तर त्या पत्र्याच्या गॅस्केटवर. पाइपाच्या पोटाखाली तेलकट, धूळ चिकटून काळा झालेला डाग दिसला तर बोटाने दाबा; चीर तिथेच उघडते. नवा पाइप चढवताना दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने कोरडी करा. तेल राहिलं तर क्लिप कितीही आवळा, पाइप पुन्हा उडतो.

एप्रिल-मेमध्ये कापसाचे तंतू आणि उसाची पात बसून इंटरकूलरच्या जाळ्या भरलेल्या असतात. तेव्हा बूस्ट बरोबर दिसतो, पण आतल्या हवेचं तापमान वाढलेलं असतं आणि ताकद तरीही कमी. आधी जाळ्या मागून पुढे पाण्याने धुवा, दाब बेताचा ठेवा.

घसरण पक्की झाली तरी गिअरबॉक्स शेवटी. केबलचा क्लच असेल तर पेडलला थोडी ढील आहे का बघा. ढील नसेल तर प्लेट चांगली असूनही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. बॉक्स उतरल्यावर बेलहाउसिंगमधल्या (क्लचभोवतीच्या कवचातल्या) तेलाचा वास घ्या. उग्र, गंधकासारखा असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट सील, काळं पातळ असेल तर क्रँकचं मागचं सील. ते न बदलता नवी प्लेट टाकणं म्हणजे पैसे नाल्यात. रिव्हेटची डोकी पृष्ठभागापासून 0.3 मिमीपेक्षा कमी खोल राहिली तर प्लेट संपली. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या चिरा असतील तर ते खरडून नवं होत नाही.

प्लेट आणि सील दोन्ही ठीक असून घसरत असेल तर रिमॅपने वाढलेला टॉर्क क्लचच्या पकडीपेक्षा जास्त आहे. सिरॅमिक पकची प्लेट मी सुचवत नाही; जालना रोडच्या ट्रॅफिकच्या रांगेत गाडी थरथरते. ऑर्गॅनिक प्लेट आणि जड स्प्रिंगचं प्रेशर प्लेट हेच रोजच्या गाडीला. स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या दात्यांवर) ग्रीसचा पातळ थर, त्याहून जास्त नको. पहिले 500 ते 800 किलोमीटर शहरात, रिमॅप काढून कंपनीच्याच प्रोग्रॅमवर चालवा. मग रिमॅप टाका, तोच चौथा गिअर, तीच 1500 ते 3000 ची ओढ, आणि हजाराला किती पडतात ते डायरीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच आकडा लागेल.