लायब्ररी टाकली, काम झालं, काढली

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी काटा होतो, वहीत किलो लिहिले जातात आणि बाजाराच्या दिवशी चुकारा होतो. बेरीज चुकली की नुकसान वेचणाऱ्या बायांचं. म्हणून मी सी भाषेत हिशोबाचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. डेटा एसक्यूलाइटमध्ये ठेवला. ही डेटाबेस सांभाळणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड: सर्व्हर लागत नाही, सगळा हिशोब एकाच फाईलमध्ये राहतो, आणि २००० सालापासून चालत आलेलं हे सॉफ्टवेअर कोणीही फुकट वापरू शकतो.

लॅपटॉप जुना, त्यावर डेबियन ही लिनक्स सिस्टिम. कंपाईल करायला, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला गेलो, तर जीसीसी हा कंपायलर म्हणे, एसक्यूलाइट३.एच सापडत नाही. एसक्यूलाइट तर मशीनवर आधीपासून होतं! डेबियनमध्ये एकाच लायब्ररीची दोन पॅकेजं असतात. लिबएसक्यूलाइट३-० हे प्रोग्रॅम चालवायला, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह हे प्रोग्रॅम बनवायला. एसक्यूलाइट३.एच ही हेडर फाईल, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणारी फाईल, दुसऱ्यात असते.

गावात नेट धड चालत नाही. डेबियनमध्ये पॅकेजं टाकायचं-काढायचं काम ॲप्ट करतं. तालुक्याला गेलो तेव्हा त्याच्या ॲप्ट-गेट इन्स्टॉल कमांडला ‘डाउनलोड-ओन्ली’ जोडून पॅकेजं उतरवून घेतली. घरी येऊन तीच कमांड त्या पर्यायाशिवाय चालवली. फाईली कॅशमध्ये होत्या, नेट लागलंच नाही. टाकायच्या पॅकेजांच्या यादीत लिबएसक्यूलाइट३-० चं नवं व्हर्जनही होतं, कारण या दोघांचं व्हर्जन तंतोतंत जुळावं लागतं. प्रोग्रॅम बनला.

डिस्क लहान आहे, त्यामुळे बनवण्याचं सामान लगेच काढायचं ठरवलं. शेजारचे काका बाजूलाच बसले होते. म्हणाले, “काहून रे भाऊ, ते काढलं तं बायाइचा हिशोब बुडन का?”

प्रश्न अगदी नेमका होता. डेटाबेसची फाईल माझ्या होम फोल्डरमध्ये आहे; पॅकेज काढायची रिमूव्ह कमांड काय किंवा पर्ज काय, ॲप्ट तिथे हात लावत नाही. पर्जने एवढंच जास्त होतं की पॅकेजची सिस्टिममधली कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईलही जाते, आणि या पॅकेजची तशी फाईलच नाही. पण प्रोग्रॅम चालण्याचं काय? प्रोग्रॅमला कोणत्या लायब्ररी लागतात ते सांगणारी एलडीडी कमांड चालवून काकांना दाखवलं: आपला प्रोग्रॅम लिबएसक्यूलाइट३.एसओ.० मागतो, आणि ती फाईल पहिल्या पॅकेजमध्ये आहे. डेव्ह गेलं तरी चालतं.

तरीही काढण्याआधी काढायच्या कमांडला मायनस एस हा पर्याय लावून पाहिलं. यात काहीच बदलत नाही, काय काय जाईल ते नुसतं दिसतं. डेव्हच्या यादीत तेवढं एकच नाव आलं. मग कुतूहल म्हणून लिबएसक्यूलाइट३-० वर तेच करून पाहिलं, तर पायथनसकट लांबलचक यादी आली! अशी यादी न वाचता ‘वाय’ दाबणं मला धोक्याचं वाटतं.

डेव्ह काढलं, प्रोग्रॅम उघडला, सगळ्या नोंदी जागच्या जागी.

एक काम मात्र उरलं होतं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. आपण हाताने कंपाईल केलेला प्रोग्रॅम ॲप्टला माहीतच नसतो. उद्या पायथन वगैरे निघालं आणि लिबएसक्यूलाइट३-० ची कोणत्याच पॅकेजला गरज उरली नाही, तर ऑटोरिमूव्ह, म्हणजे कोणालाच न लागणारी पॅकेजं काढणारी ॲप्टची कमांड, ते उचलून नेईल. म्हणून ॲप्ट-मार्क मॅन्युअल वापरून त्यावर ‘हे मी स्वतः टाकलंय’ अशी खूण केली. आता मी स्वतः सांगितल्याशिवाय ऑटोरिमूव्ह त्याला काढणार नाही. मशीन बदललं, तर प्रोग्रॅम आणि हिशोबाची फाईल नेण्याआधी नव्या मशीनवरही हेच पॅकेज टाकून हीच खूण करायची.