सव्वा रायगड

मे महिना, सातारा, एका शाळेचा हॉल. वर पत्रे, बाहेर ऊन रणरणतंय, आणि आत बावीस पोरं, अकरा लॅपटॉप, सहा फोन. दहा दिवसांच्या उन्हाळी शिबिरातला तो नववा दिवस. दुसऱ्या दिवशी चार वाजता पालक बघायला येणार होते.

पहिले पाच दिवस स्क्रॅचवर सुरळीत गेले होते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने 2007 साली आणलेलं हे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन आता मराठीतही चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. त्याचा मंच ठरलेला असतो: आडवा उणे 240 ते 240, उभा उणे 180 ते 180. त्यातलं मांजर कडेला जाऊन अडकलं की पोरांना लगेच कळतं की आकडा जास्त झालाय.

सहाव्या दिवसापासून ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून बघताना खऱ्या जागेवर आपण बनवलेली वस्तू दिसणं. त्यासाठी मी ए-फ्रेम आणि एआर डॉट जेएस ही वेबपानांसाठीची तयार साधनं वापरतो, कारण साध्या फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं, ॲप टाकावं लागत नाही. कागदावर जाड काळी चौकट आणि आत ‘हिरो’ अशी रोमन अक्षरं छापलेला मार्कर. कॅमेऱ्याने ती चौकट ओळखली की तिच्यावर आपण बनवलेली वस्तू उभी राहते. कल्पना जुनीच आहे, हिरोकाझू काटो यांच्या एआर टूलकिटची, 1999 सालची. पोरांना मात्र ही कालच लागलेली जादू वाटते, आणि मी तो गैरसमज दूर करायला फार घाई करत नाही.

सातवीतला एक मुलगा रायगड करत होता. मी त्याला किल्लेदार म्हणायचो. दर दिवाळीला अंगणात पोतं, माती, अळीव पेरून किल्ला करणारा आणि दगडाला दगड म्हणून न बघता बुरूज म्हणून बघणारा गडी. शंकूचा आकार घेऊन माथा सपाट केलेला, वर जगदीश्वराचं मंदिर आणि नगारखान्याचे ठोकळे. रंग तपकिरी. त्याने फोन मार्करवर धरला आणि काहीच दिसलं नाही.

काही बिघडलं की निदान लाल अक्षरात काहीतरी ओरडतं, ते बरं असतं. इथे सगळं गप्प. कॅमेरा चालू, कागद दिसतोय, गड नाही.

मी नेहमीच्या संशयितांपासून सुरुवात केली. मार्कर लॅमिनेट केला की ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि काळी चौकट कॅमेऱ्याला तुटलेली दिसते. हा साधा कागद होता. दुकानदार कापताना भोवतालची पांढरी कड छाटतो. ती शाबूत होती. पानाचा पत्ता एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, नसेल तर ब्राउझर कॅमेराच देत नाही. पण कॅमेरा तर चालू होता. मग शेजारच्या बाकावरच्या मुलीचा आंबा त्याच फोनवर, त्याच कागदावर उघडला. आंबा टुण्णकन उभा राहिला. म्हणजे कागद बरोबर, फोन बरोबर. कोड मी ओळ न ओळ तीनदा वाचला. कंस बरोबर, अवतरणचिन्हं बरोबर. पाऊण तास गेला. किल्लेदाराचा चेहरा उतरत चालला होता आणि माझाही, फक्त मला तो दाखवायची सोय नव्हती.

आंबेवालीला कंटाळा आला असावा. ती त्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावली.

“किती उंच केलायस रे?”

“आठशे वीस.”

“आठशे वीस काय?”

“मीटर. रायगड तेवढाच आहे. समुद्रसपाटीपासून.”

“अरे, मग तो या हॉलमध्ये मावेल कसा?”

मी तोपर्यंत आकड्यांवरून नजर फिरवत होतो ते फक्त टायपिंगची चूक शोधायला. आकडा केवढा आहे हे बघितलंच नव्हतं. उंची 820, पायाची त्रिज्या 400, आणि आकाराची जागा त्याच्या मध्यापासून धरली जाते म्हणून अर्धा जमिनीत जाऊ नये यासाठी 410 वर उचललेला. सगळं मी शिकवलं तसंच.

या पद्धतीत एक एकक म्हणजे मार्करची रुंदी. आमचा मार्कर आठ सेंटिमीटरचा. आठ गुणिले 820, म्हणजे साडेपासष्ट मीटरच्या वर उंच डोंगर त्या बाकावर उभा होता, पत्रा फोडून आभाळात गेलेला. घेर हॉलच्या बाहेर, मैदानाच्या बाहेर, रस्त्यापर्यंत. आणि फोन कागदापासून वीतभर वर.

दिसत का नव्हता, तर या वस्तूंना रंग फक्त बाहेरच्या अंगाने असतो. आतून बघाल तर भिंत आरपार. मी किल्लेदाराला एक छोटी भर घालायला सांगितली, दोन्ही अंगांना रंग द्यायची. त्याने पान पुन्हा उघडलं, फोन धरला आणि पडदा काठोकाठ तपकिरी झाला. ना बाक, ना कागद, ना हॉल.

तो क्षणभर बघत राहिला. मग ओरडला, “सर, आपण गडाच्या आत आहोत! मघापासून!”

पोरं धावली. ज्याला त्याला गडाच्या पोटात जाऊन यायचं होतं.

पुढचा अर्धा तास गणिताचा गेला, आणि फळा मला एकदाही वापरावा लागला नाही. गड दहा सेंटिमीटर दिसायला हवा, मार्कर आठचा, म्हणून उंची 1.25. प्रत्येक आकड्याला 656 ने भागायचं, त्रिज्या 0.61 आली. गड कागदावर नीटनेटका उभा राहिला. किल्लेदार मात्र नाराज.

“रायगड सव्वा?”

दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाएवढा असतो ते चालतं ना, असं मी म्हणून पाहिलं. “ते मातीचं असतं, सर,” एवढंच उत्तर मिळालं. मोठा कागद केला तर लांब जाऊन पूर्ण गड बघता येईल, ही त्याची पुढची युक्ती. आंबेवालीने ती तिथल्या तिथे मोडली: कागद वाढला की गडही तेवढाच वाढणार. यावर तो वहीत काहीतरी खरडत बसला आणि पाच मिनिटांनी म्हणाला, “मग मीटरभर रुंद कागद केला तर रायगड खराखुरा होईल.” होईल. आठवीच्या वर्गात गुणोत्तर शिकवताना माझी दमछाक झालेली आहे, म्हणून ते वाक्य मी माझ्या डायरीत लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पालक आले. सव्वा रायगड सगळ्यांना आवडला, फोटो निघाले. गर्दी पांगल्यावर किल्लेदाराने आजोबांना बाजूला घेतलं. जुनी फाइल त्याने पुसली नव्हती, फक्त आतला रंग पुन्हा काढून टाकला होता. फोन त्यांच्या हातात दिला. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला. पडद्यावर बाक, कागद, मागे खुर्च्या.

“कुठाय रे?”

“तुम्ही आत आहात, आजोबा. हा सगळा गडच आहे.”

आजोबांनी फोनवरून नजर उचलून पत्र्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर मैदानाकडे. “बरं. आणि खाली जायचं कुठून? महादरवाजा केलायस का?”

किल्लेदार गप्प.

“म्हणजे हिरकणीसारखं कड्यावरून उतरायचं म्हण की या वयात.”

“थांबा जरा,” तो म्हणाला आणि मी गुंडाळत आणलेली वायर सोडवून त्याने लॅपटॉप पुन्हा लावला.