दहाच्या आतली रात्र

गाण्याचा नाद असलेला वकील मैफलीत लगेच ओळखू येतो. संथ लयीतलं विलंबित रंगात आलं की बाकीचे डोळे मिटतात, हा मनगटावरचं घड्याळ बघतो. कंटाळून नव्हे. परवानगीचा अर्ज बहुधा त्यानंच लिहिलेला असतो आणि त्यात वेळ असते ‘रात्री १० पर्यंत’.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यांच्या लेखी रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. तेवढ्या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, वाद्यंही बंद. रागांची रात्र मात्र वेगळी; प्रत्येक रागाला आपली ठरलेली वेळ. यमन, केदार, बिहाग दहाच्या आत सुखानं बसतात. दरबारी, अडाणा, मालकंस यांची वेळच मध्यरात्रीच्या आसपासची. म्हणजे मैदानावरच्या मैफलीतून दरबारीला बाजू मांडायची संधी न देताच हद्दपार केलेलं. अपील करावं, तर शेजारच्या घरात परीक्षेचा अभ्यास करणारं पोर प्रतिवादी, आणि त्याची बाजू भक्कम.

पळवाट म्हणा, सोय म्हणा, दोन आहेत. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, दहाची अट आड येत नाही. दुसरी सोय राज्य सरकारच्या हातात: सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी वर्षाकाठी फार तर १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट. त्यातले बरेचसे गणपती आणि नवरात्रच घेऊन जातात.

मैदानावरच करायचं तर हिशेब उलटा मांडावा. पावणेदहाला शेवटची भैरवी, त्याआधी पंधरा मिनिटं जलद लयीतलं द्रुत, त्याआधी चाळीस मिनिटं संथ बडा ख्याल. म्हणजे पावणेनऊला तानपुरे जुळून तयार हवेत. सोलापूरच्या एप्रिलात कोरड्या हवेनं तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणून सूर चढतो, तेव्हा तबला लावायला दहा मिनिटं जादा धरावीत. पण गणित बिघडवतो तो तबला नव्हे, सत्कार. व्यासपीठावर आठ मान्यवर, प्रत्येकाला चादर, श्रीफळ आणि ‘दोन शब्द’. पाच मिनिटांनी धरले तरी एक अख्खा बडा ख्याल गेला. सत्कार मध्यंतरात ठेवावेत. तेव्हा निदान अर्धे मान्यवर चहाला गेलेले असतात.

भैरवी खरी सकाळची. तरी शेवट तिनंच करायचा. घटनेच्या तेराव्या अनुच्छेदात ‘कायदा’ या शब्दात कायद्याचं बळ असलेली रूढीही धरली आहे. भैरवीवर कुणी हरकत घेत नाही ते म्हणूनच असावं.

आता डेसिबल. निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी भागाला ६५ आणि ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. मोजणारं मीटर ‘ए’ पद्धतीचं असतं. माणसाच्या कानासारखं ते खर्जाकडे, म्हणजे खालच्या सुरांकडे, काणाडोळा करतं. ६३ हर्ट्झचा आवाज सुमारे २६ डेसिबलनं कमी धरतं. त्यामुळे गायिकेचा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, आकड्यात जवळजवळ पुरा उतरतो आणि खिडक्या थरथरवणाऱ्या डीजेच्या घुमाऱ्याला भरघोस सूट मिळते. ज्या पक्षकाराची तक्रार याच घुमाऱ्याची, त्याच्या वकिलानं नुसत्या आकड्यावर विसंबू नये. उलटतपासणीत विचारायचं ते असं: मीटर हद्दीवर होतं की मंचासमोर? किती वेळाची सरासरी? शेवटचं कॅलिब्रेशन कधी? कान तयार असलेल्या वकिलाला हे प्रश्न पुस्तक न उघडता सुचतात.

न्यायालयाभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतात. आत युक्तिवाद चालू असताना मीटर कुणी लावत नाही, हे बरंच.

राहिला ललित. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम (म) असलेला, पंचम (प) नसलेला, उजाडण्याआधीचा राग. मे महिन्यात सोलापुरात सहाच्या आतच सूर्य उगवतो, म्हणजे मैदानावर ललितला जागाच नाही. दिवाळीत मात्र सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान. दिवाळी पहाटेला ठीक सहाला षड्ज लावला, तर कायद्याचा दिवस उजाडलेला आणि सूर्य अजून उगवायचा, अशी वीसेक मिनिटं मिळतात. निवेदकाला तेवढं आधी सांगून ठेवावं लागतं.