प्युपिल म्हणजे बाहुली

सदाशिव पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढायचा, डोळ्याचं प्रेशर बघायचं, थेंब घालायचे आणि पेशंट आत पाठवायचा. "बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागेल, डोळे मिटून बसा," हे वाक्य दिवसभर तोंडात असतं.

त्या शनिवारी वेल्ह्याहून एक आजी आल्या होत्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालेलं. उजव्यात मोतीबिंदू पार पिकलेला, बाहुली दुधासारखी पांढरी. सोबत चौथीतली नात. भिंतीवरच्या डोळ्याच्या तक्त्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "ताई, इथे प्युपिल का लिहिलंय? आमच्या टीचर तर आम्हाला प्युपिल म्हणतात."

"दोन वेगळे शब्द असतील गं," मी म्हटलं आणि पुढचा केसपेपर उचलला. बाहेर रांग होती, पण खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं.

आजीच म्हणाल्या, "आगं, बाहुली हाय ती. ये, माझ्या डोळ्यात बघ, कोन दिसतंय?"

पोर त्यांच्या मांडीला खेटून वाकली. खिडकीचा उजेड थेट तिच्या तोंडावर पडला होता. "मी दिसतेय! एवढुशी!" मग ती उजव्या डोळ्याकडे वळली आणि एकदम गप्प झाली. "आज्जी, ह्या डोळ्यात मी नाहीये."

कारण मला ठाऊक होतं. कॉर्निया म्हणजे डोळ्याची पारदर्शक काच, ती बहिर्गोल आरशासारखी वागते. एका वितीवरून बघणाऱ्याचा चेहरा तिच्यात जेमतेम तीन मिलिमीटरचा होतो, आणि ते प्रतिबिंब काचेच्या चारेक मिलिमीटर मागे, म्हणजे बाहुलीच्या आसपासच, बसल्यासारखं भासतं. बाहुली स्वतः एक भोक आहे, मागे अंधार. त्या काळ्यावर चेहरा उठून दिसतो. मोतीबिंदू पिकला की मागचं सगळं पांढरं होतं आणि चेहरा त्यात विरून जातो. हे मी तिला सांगितलंही, पण तिची नजर आजीवरून हलेना.

रात्री घरी आल्यावर शब्द शोधायला बसले. लॅटिनमध्ये 'पूपा' म्हणजे मुलगी, बाहुलीसुद्धा. त्याचं लहान रूप 'पूपिल्ला', आणि डोळ्यातल्या काळ्या भोकालाही तेच नाव, कारण त्यात बघणाऱ्याची इवलीशी प्रतिमा दिसते. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पालकाच्या हवाली असलेली पोरकी मुलगी. तिथून इंग्रजीतला विद्यार्थी आला. म्हणजे टीचर बरोबर होत्या, तक्ताही बरोबर होता, चुकले होते ती मी.

पुढचं वाचून तर मी उठून उभीच राहिले. दोन बाहुल्या लहानमोठ्या असल्या की केसपेपरवर आम्ही 'अ‍ॅनिसोकोरिया' लिहितो. त्यातला 'कोरे' हा ग्रीक शब्द, त्याचाही अर्थ मुलगी, बाहुली आणि डोळ्याची बाहुली. संस्कृतात हिचं नाव कनीनिका, कन्येच्याच कुळातलं. रोम, ग्रीस, आपल्याकडचे संस्कृत बोलणारे आणि वेल्ह्याच्या आजी, सगळ्यांनी कुणाच्या तरी डोळ्यात जवळून पाहिलं होतं. मी रोज टॉर्च घेऊन बघते, पण मला फक्त तिचा आकार दिसत होता.

मंगळवारी ऑपरेशन झालं. बुधवारी सकाळी पट्टी काढली, तेव्हा नात शाळा बुडवून आली होती. "हात लावायचा नाही," मी बजावलं. पाठीमागे हात बांधून ती वाकली, बराच वेळ बघत राहिली. "आले," म्हणाली.

मी आजींचा डावा डोळा झाकला आणि काय दिसतंय विचारलं. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून त्या नातीकडेच बघत होत्या.

"एकच रिबीन बांधलीस व्हय गं आज?"